जमेल का? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी स्व-क्षमता मापनी कशी तयार करावी

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेली मुलं पीयूसीला (तिथली अकरावी-बारावी) सायन्स किंवा कॉमर्स घेतात आणि सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. ऑफिसातल्या सूचना आणि अर्ज कन्नडमध्ये असतात. दहावीला सारखेच गुण मिळवलेल्या दोन मुलींपैकी एक यात तग धरते आणि दुसरी अर्ध्यातच कॉलेज सोडते. असं का होतं, यावर एम.एड.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करावी असं अनेकांना वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे. पण काम सुरू झालं की बहुतेक जण इंटरनेटवरून एखादी इंग्रजी प्रश्नावली उतरवून घेतात, तिचा मराठी अनुवाद करतात, शंभरेक मुलांकडून भरून घेतात आणि मोकळे होतात. आकडे निघतात, तक्ते होतात, पण जांबोटीहून बसने येणाऱ्या मुलीला नेमकं काय अवघड जातंय ते त्या आकड्यांत कुठेच नसतं. मापनी, म्हणजे एखादी गोष्ट किती आहे ते आकड्यांत मोजणारी प्रश्नावली, आपल्या मुलांच्या अडचणींतूनच उभी करावी लागते. ती कशी, ते पुढे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण एकच ठेवतो: मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्ष पीयूसी विद्यार्थ्यांची नव्या माध्यमात शिकण्याबाबतची स्व-क्षमता.

आधी काय मोजायचं ते पक्कं करा

स्व-क्षमता म्हणजे सेल्फ-एफिकसी. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ही संकल्पना मांडली. अमुक परिस्थितीत अमुक काम मी करू शकेन, हा माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज म्हणजे स्व-क्षमता. यातला 'अमुक' हा शब्द सोडायचा नाही. एखादी मुलगी गणिताबाबत ठाम असते आणि वर्गात उभं राहून इंग्रजीत उत्तर द्यायचं म्हटलं की गप्प होते. तिची एकच एक स्व-क्षमता काढायला गेलात तर दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

नवख्यांचा घोटाळा शेजारच्या संकल्पनांशी होतो. मला स्वतःबद्दल चांगलं वाटतं, हा आत्मसन्मान झाला. त्यासाठी रोझेनबर्ग यांची १९६५ सालची मापनी आहे. इंग्रजी आल्यावर नोकरी मिळेल असं वाटणं ही फळाची अपेक्षा झाली. प्रत्यक्षात इंग्रजी किती येतं ते कौशल्य झालं, त्याला चाचणी घ्यावी लागते. मला इंग्रजी शिकायचं आहे, ही इच्छा. यांतलं काहीही तुमच्या विधानांत शिरलं तर तुम्ही मोजताय भलतंच आणि नाव देताय स्व-क्षमतेचं.

आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. बँडुरा यांनी स्व-क्षमतेचे चार उगम सांगितले आहेत: स्वतः यश मिळवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची अवस्था. पुस्तकात हे चार मुद्दे दिसले की विद्यार्थी तेच मापनीचे चार घटक करून टाकतात आणि "माझे शिक्षक मला प्रोत्साहन देतात" अशी विधानं लिहितात. हे चार स्व-क्षमता कुठून येते ते सांगतात, ती किती आहे ते नाही. उगम मोजायचे असतील तर खुशाल मोजा, पण त्यासाठी वेगळी मापनी करा.

श्वार्झर आणि जेरुसलेम यांची सर्वसाधारण स्व-क्षमता मापनी जगभर वापरली जाते. तिच्यात १० विधानं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणून एकूण १० ते ४०. ती वाईट नाही, आणि पुढे तुलनेसाठी कामाला येईल. पण आयुष्यातल्या अडचणींना मी तोंड देऊ शकतो का, एवढंच ती विचारते. पीयूसीच्या फिजिक्सच्या तासाला काय होतं हे तिला ठाऊक नाही.

क्षेत्राची हद्द आखा

एका कागदावर लिहा: कोण, कोणतं काम, कुठे, केव्हा. आमच्या उदाहरणात 'काम' म्हणजे तास समजणं, वाचणं, लिहिणं, विचारणं-बोलणं, प्रॅक्टिकल, आणि कन्नडमधून होणारी ऑफिसची कामं. ही यादी कच्चीच राहू द्या. ती मुलांशी बोलल्यावर बदलेल, आणि बदलली नाही तर तुम्ही मुलांचं नीट ऐकलं नाही असं समजा.

मुलांकडून अडथळे गोळा करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मार्गदर्शक घाई करतील, तरी द्या.

पहिल्या वर्षाची मुलं, दुसऱ्या वर्षाला पोचलेली मुलं, मध्येच सोडलेली मुलं आणि शिकवणारे प्राध्यापक या चारही बाजूंशी बोला. सोडलेल्यांना वगळू नका. अडथळे त्यांनाच नेमके माहीत असतात. एकेकट्याशी बोला, शिवाय पाच-सहा जणांच्या गटातही बोला. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली मुलं आणि बेळगाव शहरातली मुलं एका गटात बसवू नका, शहरातली मुलंच बोलत राहतात. प्रश्न साधा ठेवा: "कॉलेजात कुठं अडतंय? कशामुळं अडतंय? तेच काम कधी जमून जातं?" या तिसऱ्या प्रश्नातून अडचणीच्या पायऱ्या हाती लागतात.

मुलं पुस्तकी बोलत नाहीत. "फळ्यावरचं उतरवून घेतो की, पण घरी गेल्यावर काय लिवलंय तेच कळत नाही." "उत्तर येत असतंय, उभं राहिलं की इंग्लिश आठवत नाही." "पावसात बस चुकली की पहिला पिरियड गेला, मग पुढचं काहीच लागत नाही." अशी वाक्यं जशीच्या तशी उतरवून ठेवा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून करा. पीयूसीची मुलं बहुतेक १८ वर्षांच्या आतली असतात, त्यामुळे पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. प्राचार्यांची परवानगी आणि तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी याच्याही आधी. पालकांसाठीचं संमतिपत्र मराठीत असू द्या, आणि गरज पडली तर वाचून दाखवा.

नवीन काहीच ऐकू येईनासं झालं की थांबा.

विधानं लिहा

एक विधान कच्च्या बोलण्यापासून शेवटापर्यंत कसं जातं ते दाखवतो. फळ्यावरचं उतरवून घेतलेलं कळत नाही, हे बोलणं घ्या.

पहिला खर्डा बहुतेक असा होतो: "मला इंग्रजी नोट्स समजतात." इथे कौशल्याचा दावा आहे, अंदाज नाही. शिवाय कुठल्या नोट्स, केव्हा, कुणाच्या मदतीने, काहीच नाही.

दुसरा खर्डा: "मी इंग्रजी नोट्स समजून घेऊन त्यावरची उत्तरं लिहीन." यात दोन कामं एकत्र आली. एखाद्याला समजतं पण लिहिता येत नाही, त्याने काय भरावं? आणि 'लिहीन' म्हटलं की इरादा आला. 'लिहू शकेन' किंवा 'लिहिणं जमेल' असंच रूप हवं. बँडुरा यांचाही यावर कटाक्ष आहे: करू शकण्याबद्दल विचारा, करणार का ते विचारू नका.

तिसरा: "वर्गात इंग्रजीतून उतरवून घेतलेल्या नोट्स त्याच संध्याकाळी कुणालाही न विचारता समजून घेणं." आता काम एकच आहे आणि परिस्थिती स्पष्ट आहे.

यानंतर त्याच कामाची सोपी आणि अवघड भावंडं लिहा. मैत्रिणीची मदत घेऊन समजून घेणं. डिक्शनरी घेऊन एकट्याने समजून घेणं. स्वतः गैरहजर होतो त्या तासाच्या, दुसऱ्याच्या वहीतल्या नोट्स समजून घेणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, पूर्वी न वाचलेला धडा समजून घेणं. अशी चढण ठेवली तरच मापनी माणसामाणसांतला फरक दाखवते. सगळी विधानं सोपी असली तर सगळी मुलं नऊ-दहा गुण देतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. अडथळा विधानातच असला पाहिजे: 'बस चुकल्यामुळे पहिला तास बुडाला तरी', 'बाजूची मुलं हसली तरी', 'सर भरभर शिकवत असले तरी'.

'नाही' असलेली उलटी विधानं घालू नका. लक्ष न देता भरणारी मुलं पकडण्यासाठी ती घालावीत असं जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतं, पण "मला शंका विचारणं जमणार नाही" या विधानाला शून्य द्यायचा की दहा, यात प्रामाणिक मूलही गोंधळतं.

शब्द इथलेच वापरा. कोल्हापूर-पुण्याच्या प्रश्नावलीत 'जर्नल' असतं, आपल्याकडची मुलं 'रेकॉर्ड' म्हणतात. 'तासिका' लिहिलंत तर कळेल, पण 'पिरियड' लिहिलंत तर क्षणभरही अडणार नाही. 'अध्ययन', 'उपयोजन', 'संप्रेषण' हे शब्द प्रबंधात राहू द्या.

कन्नडसंबंधीच्या विधानांना वेगळी काळजी लागते. इथे भाषा हा जिव्हाळ्याचा आणि जखमेचाही विषय आहे, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून. "मी कन्नडमध्ये बोलेन" असं वाचलं की मूल स्वतःच्या कुवतीचा विचार करत नाही, आपण कोणत्या बाजूचे याचा करतं. काम लहान आणि रोजचं ठेवा: "ऑफिसबाहेर लावलेली फीच्या शेवटच्या तारखेची कन्नड सूचना स्वतः वाचून समजून घेणं." "स्कॉलरशिपच्या अर्जातली चूक ऑफिसातल्या क्लार्कला कन्नडमध्ये सांगणं." याच कारणाने प्रश्नावलीवर 'स्व-क्षमता मापनी' किंवा 'भाषिक आत्मविश्वास चाचणी' असं नाव छापू नका. 'कॉलेजमधील कामांविषयी प्रश्नावली' पुरे आहे.

शेवटी २० ते २५ विधानं हवी असतील तर सुरुवातीला ५० ते ६० लिहा. निम्मी गळणार आहेत.

उत्तराचे आकडे

बँडुरा यांची शिफारस ० ते १०० ची आहे, दहादहाच्या टप्प्यांनी. मुलांसाठी ० ते १० सोयीचं पडतं. ० म्हणजे अजिबात जमणार नाही, ५ म्हणजे मध्यम खात्री, १० म्हणजे पक्की खात्री. 'सहमत-असहमत' अशी पाच खणांची लिकर्ट पद्धत सरसकट वापरली जाते, पण इथे मत विचारलेलं नाही, खात्री किती ते विचारलंय. शिवाय आकड्यांचे टप्पे कमी ठेवले तर ७ आणि ९ मधला फरक हातचा जातो.

सुरुवातीला सरावाचा प्रश्न द्या: ५ किलो वजन उचलणं, १० किलो, २५ किलो, ५० किलोचं तांदळाचं पोतं. प्रत्येकापुढे ० ते १० मधला आकडा लिहायचा. हे केलं की मुलांना काय करायचंय ते लगेच कळतं, आणि वरचे आकडे खाली येतात हे गैर नाही, तेही कळतं. सूचनेत 'आज, आत्ता' हे शब्द घाला. पुढे कधीतरी जमेल, असं विचारायचं नाही.

तज्ज्ञांकडे पाठवा

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, मराठी भाषा आणि पीयूसीला प्रत्यक्ष शिकवणारे, असे मिळून आठ-दहा जण. प्रत्येकाने प्रत्येक विधानापुढे 'आवश्यक', 'उपयुक्त पण आवश्यक नाही', 'अनावश्यक' यांपैकी एक खूण करायची. लॉशे यांच्या १९७५ च्या पद्धतीने आशय सप्रमाणता गुणांक, म्हणजे विधान विषयाला किती धरून आहे याचा आकडा, निघतो: 'आवश्यक' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि त्या निम्म्या संख्येने भागा. ८ पैकी ७ जणांनी आवश्यक म्हटलं तर (७ − ४) ÷ ४ = ०.७५. आठ तज्ज्ञांसाठी लॉशे यांच्या तक्त्यात किमान मर्यादा ०.७५ हीच आहे, म्हणजे विधान काठावर राहिलं. ६ जणांनीच म्हटलं तर ०.५० आणि विधान बाहेर. पण गुणांकावर विसंबून तज्ज्ञांच्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका. "हे आमच्या वर्गात घडतच नाही" असा एका प्राध्यापकाचा शेरा गुणांकात दिसत नाही.

मुलांसमोर बसून वाचून घ्या

तज्ज्ञांनंतर आठ-दहा मुलांना एकेक करून बोलवा आणि मोठ्याने विचार करत प्रश्नावली भरायला सांगा. "या वाक्यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग. सहा का दिलेस? सात का नाही?" मूल दोनदा वाचत असेल तर वाक्य बदला. ही पायरी वगळून थेट २०० प्रती छापणाऱ्यांना पुढे संगणकासमोर बसून विधानं का गळताहेत तेच कळत नाही.

मुलांच्या मोठ्या गटावर चाचणी

विधानं ४० उरली असतील तर निदान २०० आणि जमल्यास ४०० मुलं हवीत. विधानामागे ५ ते १० जण असा ढोबळ हिशोब. एकाच कॉलेजातून सगळे घेऊ नका. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत. दोन्हीकडचं शहर आणि खेडं, मुली आणि मुलगे, सायन्स आणि कॉमर्स येऊ द्या.

प्रश्नावली वर्गशिक्षकांनी वाटायची नाही. रोज हजेरी घेणारे सर समोर उभे असताना "सरांना पुन्हा समजावून सांगायला लावणं" या विधानाला खरा आकडा कोण लिहील? नाव किंवा रोल नंबर घेऊ नका. पुन्हा भरून घ्यायची असेल तर खुणेचा कोड बनवायला सांगा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस आणि गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर.

आकड्यांवरून विधानं गाळा

पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. जामोवी आणि जास्प ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि सगळं काम करतात.

प्रत्येक विधानाची सरासरी आणि प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीभोवती किती पसरलीत ते) पाहा. सरासरी ९ च्या वर आणि विचलन अगदी कमी, म्हणजे विधान सगळ्यांनाच सोपं. त्यात अडथळा वाढवा किंवा ते काढा. मग विधान आणि बाकीच्या विधानांची बेरीज यांचा सहसंबंध (दोन्ही आकडे किती बरोबरीने वरखाली होतात ते) पाहा, ०.३० च्या खाली असेल तर विधान संशयित. आपल्याकडे वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांच्या सरासऱ्यांची टी-चाचणीने तुलना करायची पद्धत रूढ आहे. मार्गदर्शकांनी मागितली तर करा, पण सहसंबंध त्याहून जास्त माहिती देतो.

पुढे घटक विश्लेषण, म्हणजे कोणती विधानं एकत्र चालतात आणि त्यांचे गट किती पडतात ते पाहणं. आकडे या विश्लेषणाला योग्य आहेत का ते दोन गोष्टी सांगतात. आधी केएमओ पाहा, ०.६० हा तळ आणि ०.८० च्या वर चांगलं. बार्टलेट चाचणी सार्थ यायला हवी. घटक किती ठेवायचे हे एकपेक्षा मोठ्या आयगेन मूल्यांवरून (प्रत्येक घटकाचा वाटा दाखवणाऱ्या आकड्यांवरून) ठरवू नका, त्याने घटक फुगतात. हॉर्न यांचं समांतर विश्लेषण (यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून घटक ठरवणं) १९६५ पासून उपलब्ध आहे आणि जामोवीत एका क्लिकवर होतं. घटक फिरवण्याची पद्धत तिरपी, म्हणजे घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारी, घ्या, ऑब्लिमिन चालेल, कारण वाचणं आणि लिहिणं यांबाबतचे अंदाज एकमेकांपासून सुटे असूच शकत नाहीत. ०.४० च्या खाली भार (घटकाशी असलेला संबंध) असलेली विधानं गाळा, दोन घटकांवर सारखाच भार टाकणारीही गाळा. मात्र गाळताना वाक्य वाचा. फक्त आकडा बघून कन्नड सूचनेचं विधान काढलंत आणि तोच तुमच्या विषयाचा गाभा असला, तर मापनी सुटसुटीत होईल आणि निकामी होईल.

सापडलेली रचना पक्की करायला पुष्टिकारक घटक विश्लेषण करतात. ते दुसऱ्या नमुन्यावर करायचं, त्याच मुलांवर नाही.

विश्वसनीयता

विश्वसनीयता म्हणजे मापनी सातत्याने मोजते का. त्यासाठीचा क्रॉनबॅक यांचा अल्फा १९५१ चा, विधानं एकमेकांशी किती जुळतात ते तो सांगतो. सॉफ्टवेअर तो काढतंच, पण एकदा हाताने काढून बघा, मग समजतो. समजा विधानं २०, सगळ्या विधानांच्या प्रचरणांची (प्रमाण विचलनांच्या वर्गांची) बेरीज ८० आणि एकूण गुणांचं प्रचरण ४००. तर २० ÷ १९ × (१ − ८० ÷ ४००) = १.०५३ × ०.८० = ०.८४. संशोधनासाठी उत्तम. ०.७० च्या वर चालतं. ०.९५ च्या वर गेला की खूश होऊ नका. एकच वाक्य शब्द बदलून पाच वेळा विचारलंय का ते तपासा. मापनीत तीन-चार घटक निघाले असतील तर प्रत्येक घटकाचा अल्फा वेगळा द्या.

दोन ते चार आठवड्यांनी त्याच मुलांकडून पुन्हा भरून घ्या आणि सहसंबंध काढा. इथे वेळ निवडताना डोकं वापरा. मध्ये पहिल्या युनिट टेस्टचे गुण लागले तर मुलांची खात्री खरोखर बदललेली असेल, कारण यशापयशाचा अनुभव हाच स्व-क्षमतेचा सर्वांत जोरकस उगम आहे. मग सहसंबंध कमी आला तरी दोष मापनीचा नसतो. दोन्ही फेऱ्या टेस्टच्या आधी उरकून घ्या.

सप्रमाणता

सप्रमाणता म्हणजे मापनी जे मोजायचं तेच मोजते का. आधी अपेक्षा लिहून ठेवा, मग आकडे पाहा. तुमच्या मापनीचा सर्वसाधारण स्व-क्षमता मापनीशी मध्यम सहसंबंध यावा. फार जास्त आला तर तुम्ही नवीन काही मोजलं नाही, फार कमी आला तर मुळातच काही चुकलंय. रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मानाशी त्याहून कमी यावा. हायस्कूलला गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलांचे गुण इतरांहून जास्त यावेत. आणि शक्य असेल तर वर्षअखेर पुन्हा जाऊन पाहा: जूनमध्ये घेतलेले गुण, दहावीचे मार्क बाजूला काढल्यावरही, वार्षिक निकालाबद्दल किंवा कॉलेजात टिकून राहण्याबद्दल काही सांगतात का? लघुप्रबंधात एवढा वेळ मिळत नाही, पीएच.डी.त मिळतो.

मापनी दुसऱ्यांच्या हाती देताना

शेवटची विधानं, सूचना, सरावाचा प्रश्न, गुण देण्याची रीत, नमुन्याचं वर्णन आणि सगळे गुणांक, गाळलेल्या विधानांसह, एका छोट्या पुस्तिकेत घाला. 'उच्च, मध्यम, निम्न' असे गट पाडून मुलांवर शिक्के मारू नका. काहीशे मुलांच्या जोरावर तसे गट ठरवता येत नाहीत. त्याऐवजी घटकांप्रमाणे सरासऱ्या द्या. एखाद्या कॉलेजात वाचनाची सरासरी ७ आणि शंका विचारण्याची ३ आली, तर तिथल्या प्राध्यापकांना सोमवारपासून काय बदलायचं ते कळेल.

आणि बिदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद किंवा उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळकडे मापनी न्यायची असेल तर विधानं आहेत तशी उचलू नका. बिदर जिल्ह्यातली मराठी वेगळ्या वळणाची आहे, तो मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान-राज्यात होता, आणि हल्याळ भागात घरी कोकणी बोलणारीही मुलं भेटतील. मुलांसमोर बसून वाचून घेण्याची पायरी तिथे नव्याने करा, २०० मुलांवर घटक रचना पुन्हा तपासा, आणि जुळली तरच दोन्हीकडच्या सरासऱ्या शेजारीशेजारी मांडा.